खऱ्या मापाचं शहर

काटेमास्तरांना तिकडच्या शहरातलं काय आवडलं नाही, हे ऐकायला बसलं तर जेवणाची वेळ टळायची. काय आवडलं, हे मात्र एका दमात सांगून व्हायचं. काहीच नाही. रस्ते रुंद, तर म्हणे पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. झाडांना नंबर दिलेले, तर म्हणे झाडं काय कैदी आहेत? नळाला दिवसभर पाणी, तर म्हणे म्हणूनच तिथली माणसं आळशी. आणि त्या पाण्याला चव नाही, हे वर.

दोन्ही शहरं एकाच राज्यातली. सरकार एक, भाषा एक, विजेचं बिलसुद्धा एकाच रंगाच्या कागदावर. मधे बसचा पाच तासांचा रस्ता. मास्तर तिकडे आयुष्यात दोनदा गेले होते, एकदा परवान्याच्या कामाला आणि एकदा लेकीची नवी जागा बघायला. दोन्ही खेपांचे मिळून सात तास भरले असतील. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी वीस वर्षं त्या शहराची सालटी काढली. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काही भाडं पडत नाही.

आणि ज्याला ते छाती फुगवून ‘आपलं शहर’ म्हणत, ते तरी काय होतं? चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा वर्षांपूर्वी पावणेचारला बंद पडलं होतं. मास्तर म्हणत, आपल्याकडे माणसाला घाई नाही. वाचनालयाला कुलूप होतं आणि किल्ली असलेला माणूस परगावी गेला होता, कुठल्या ते त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नव्हतं. नगरपालिकेच्या दारातच गटार उघडं होतं. त्यावर एक फळी टाकलेली असे, आणि कुणी मोठे साहेब येणार असले की ती सरळ केली जाई. डॉक्टर ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने आत घ्यायचे, याला मास्तर माणुसकी म्हणत. पुढच्या दाराशी तीन तास ताटकळणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, कारण ते कायम मागच्या दाराने गेले. तिकडे नंबर घ्यायचा आणि वीस मिनिटांत आत जायचं, तो मात्र तुसडेपणा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

मास्तरांचा धंदा काटे दुरुस्त करण्याचा. वजनकाटे. बाजाराच्या कोपऱ्यावर आठ बाय दहाचं दुकान, भिंतीवर परवाना चौकटीत, छताला टांगलेल्या जुन्या तागड्या, टेबलावर पोटं उघडलेले इलेक्ट्रॉनिक काटे आणि सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. दुकानाच्या मागे दोन खोल्या. त्यात संसार. शहरातले दीडशेच्या वर काटे मास्तरांनी लावलेले होते. लावलेले म्हणजे, काट्याला खरा किलो कुठला ते शिकवलेले. काट्याच्या पोटात एक बटण असतं. ते दाबायचं, तागडीत किलोचं वजन ठेवायचं, आणि काटा ते लक्षात ठेवतो. त्यानंतर तो साऱ्या जगाला त्याच किलोने तोलतो. म्हणून शिकवताना ठेवलेलं वजन खरं असावं लागतं. मग काट्याला तार आणि शिशाचा सरकारी शिक्का लागतो, तो विनापरवानगी तोडायचा नसतो.

सरकारी कचेरीतून तपासून आलेला लोखंडी वजनांचा संच मास्तरांकडे होता. कायद्याने तोच वापरायचा. तो टेबलाखाली होता आणि त्यातल्या पाच किलोच्या वजनाने दार अडवायचं काम चोख होई. मास्तर काटा लावत ते उस्तादाच्या पितळी वजनाने. उस्तादाने मरताना दिलेलं, एक किलोचं, वर गोल मूठ, सोन्यासारखं झळझळीत. दर रविवारी सकाळी मास्तर अंगणात बसून ते लिंबू आणि राखेने घासत. चौतीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. लेक जन्मली त्या रविवारीसुद्धा आधी वजन घासलं गेलं आणि मग दवाखान्यात जाणं झालं. बायकोने हे कधी बोलून दाखवलं नाही, पण ती विसरलीही नव्हती.

बाजारात मास्तरांना मान मोठा. दुकानदार म्हणत, मास्तरांच्या हाताला बरकत आहे, त्यांनी लावलेला काटा लाभतो. तपासणीचे साहेब वर्षातून एकदा यायचे ते थेट मास्तरांच्या दुकानात. खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, “तुम्ही लावलाय ना, मग बघायचं काय त्यात?” आणि शिक्क्यांची पिशवी पुढे करायचे. मास्तरांना हा आपला सन्मान वाटे. एक गोष्ट तेवढी जरा विचित्र होती. बाहेरगावाहून सीलबंद येणारी पाच किलोची पिशवी इथल्या कुठल्याही काट्यावर तीस-पस्तीस ग्रॅम जास्तच भरायची. मास्तरांकडे उत्तर तयार होतं. “बाहेरच्यांना धड तोलताही येत नाही,” ते म्हणत, आणि बाजार मान डोलवे.

लेक आणि जावई तिकडे नोकरीला. त्यांच्या इमारतीत तळमजल्याला एक लहानशी जागा रिकामी होती, भाडं बेताचं होतं, आणि लेक दोन वर्षं म्हणत होती की इथे येऊन राहा. मास्तर हसण्यावारी नेत. बायको काही म्हणत नसे. बत्तीस वर्षं ती त्या दोन खोल्यांत राहिली होती, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या गोदामाची भिंत दिसायची. तिला जावंसं का वाटतं हे तिने कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. मग एक दिवस पोळपाट उलटा करून ठेवत ती म्हणाली, “महिनाभर तिकडे राहून बघू. महिन्यानंतर तुम्ही म्हणाल ते.”

मास्तरांना हे आयतंच झालं. महिन्याभरात तिकडचं सगळं पितळ उघडं पाडू आणि हा विषय कायमचा मिटवू.

“बघूच,” ते म्हणाले. “आणि उगाच मनाला येईल तसं नको. ज्या शहरातलं माप खरं, तिथे राहायचं. बोल, कबूल?”

“कबूल. पण शब्द फिरवायचा नाही.”

“माझा शब्द म्हणजे किलोचं वजन,” मास्तर म्हणाले.

लोक परगावी जाताना औषधं नेतात, फार तर उशी नेतात. मास्तरांनी वजन नेलं. फलाटीनच्या मऊ कापडात गुंडाळून, कपड्यांच्या पिशवीत खाली, आणि पाच तास पिशवी मांडीवर.

लेकीच्या घरी मास्तरांनी आठ दिवसांत सगळ्यांना नकोसं केलं. लिफ्टमध्ये आरसा कशाला? माणसं स्वतःला बघायला वर-खाली करतात काय? रस्त्यावर एकही गाडी नसताना लाल दिव्यापुढे माणसं उभी राहतात, म्हणजे यांची अक्कल दिव्याने गहाण ठेवली की काय? जावई बिचारा सोशिक. तो “हो ना” म्हणे आणि डबा घेऊन कामाला पळे. लेकीने पहिले तीन दिवस उत्तरं दिली, चौथ्या दिवशी ती कानात गाणी लावून भाजी चिरू लागली. एका सकाळी मास्तरांचा दात दुखायला लागला आणि नंबर घेऊन वीस मिनिटांत तो उपटूनही झाला, तर त्यांनी संध्याकाळभर तक्रार केली की डॉक्टरने घरचं कोण, कुठले, एक शब्द विचारला नाही. दात पडला होता, तोंड काही बंद झालं नव्हतं.

बायको मात्र पाचव्या दिवशीच खाली उतरली. इमारतीच्या कोपऱ्यावर सुट्या मालाचं दुकान होतं. तांदूळ, साखर, कडधान्य, सुका मेवा, सगळं पिंपांतून काढून तोलून द्यायचं. दुकानवाली पन्नाशीची, एकटी, आवाजाने खणखणीत, हिशेबाला चोख. ती एकटीने तोलायची, बांधायची आणि गिऱ्हाइकाशी बोलायची. मास्तरांची बायको साखर घ्यायला गेली आणि रांग बघून नकळत पाकिटांच्या घड्या घालायला लागली. बत्तीस वर्षं नवऱ्याचे स्क्रू कागदाच्या पुड्यांत बांधलेला हात तो. दुकानवालीने दोन पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली आणि आतून एक स्टूल आणून ठेवलं.

दोन आठवड्यांत ती सकाळी आठला जाऊ लागली. तोलणंही तिच्याकडे आलं. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे, आणि चारला दुकानवालीला उशीर झाला तर उघडायला म्हणून एक किल्ली तिच्याकडे आली. ती किल्ली तिने गळ्यातल्या साखळीत अडकवली. जेवताना ती बोलायला लागली, आज कोण आलं, कुणाला कुठला तांदूळ लागतो, कुठल्या आजींना पाकीट चिकटवून चालत नाही, दोऱ्यानेच बांधावं लागतं. लेक आईकडे बघत राही. मास्तर म्हणत, “बत्तीस वर्षांचा संसार केला आणि शेवटी पुड्या बांधायला आली. वा रे शहर!”

पण आतून त्यांची घालमेल चालली होती. महिना अर्ध्यावर आला होता आणि एकही खोटं माप हाती लागलं नव्हतं. त्यांनी भाजीवाल्याकडे, दूधवाल्याकडे, मासळीच्या गाळ्यावर वजन फलाटीनमधून काढायचा प्रयत्न केला, तर लोक गर्दीत ढकलून पुढे गेले. उरलं बायकोचं दुकान. एका दुपारी, दुकान बंद व्हायच्या सुमाराला, ते वजन घेऊन खाली गेले आणि काही न विचारता तागडीत ठेवलं.

काट्यावर आकडे आले, नऊशे त्र्याण्णव.

मास्तरांनी वजन उचललं, परत ठेवलं. नऊशे त्र्याण्णव. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खोटं माप तर सापडलं, पण उलटं. काटा कमी दाखवत होता, म्हणजे बाई किलोमागे सात ग्रॅम माल गिऱ्हाइकाला फुकट देत होती. लुबाडणारं शहर शोधायला निघाले आणि गाठ पडली वेडपटाशी!

“बाई, तुमचा काटा चुकलाय,” ते म्हणाले. “तुम्ही दुकान चालवता की दानधर्म?”

“गेल्याच महिन्यात तपासून शिक्का मारलाय काका,” दुकानवाली पाकिटं रचत म्हणाली. “बरोबर आहे तो.”

“मला शिकवता? चौतीस वर्षं काटे लावतोय मी.”

“असाल. पण शिक्क्याला हात लावायचा नाही, एवढं बघा.” आणि तिने दिवा मालवला.

बायकोने त्यांच्या बाहीला धरून वर नेलं. “आता पुरे हं,” ती म्हणाली. “माझं दुकान आहे ते.” माझं दुकान म्हणाली, हे तिच्याही लक्षात आलं नसेल. मास्तरांच्या बरोबर लक्षात आलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण चुकीचा काटा डोळ्यांसमोर आहे आणि आपल्याला तो दुरुस्त करता येतो, हे मास्तरांना सोसवेना. त्यात तिकडच्या मूर्खांवर उपकार करायची संधी. ती तर त्यांनी जेवण सोडून घेतली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको नहायला गेली तेव्हा साखळी खुंटीवर होती. मास्तरांनी किल्ली काढली, खाली जाऊन शटर गुडघ्याएवढं उचललं, वाकून आत शिरले. शिक्क्याची तार तोडली, काट्याचं पोट उघडलं, बटण दाबलं आणि उस्तादाचं वजन तागडीत ठेवलं. आकडे स्थिरावले. बरोबर एक हजार. तार त्यांनी पुन्हा अशी वळवली की सहज बघणाऱ्याला कळू नये. आपण शिक्का तोडला म्हणजे सरकारनेच तोडला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बायको न्हाऊन बाहेर आली तेव्हा किल्ली खुंटीवर होती आणि मास्तर शीळ घालत होते.

आठव्या दिवशी न कळवता तपासणी आली. दिसायला कॉलेजातली पोर वाटावी अशी एक तरुण बाई, पाठीला पिशवी, हातात लाकडी पेटी. तिने चहा नको म्हटलं. खुर्ची नको म्हटलं. तिने रचून ठेवलेल्या साखरेच्या पाकिटांतलं एक उचललं, पेटीतला आपला लहान काटा मांडला आणि त्यावर ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. सगळी पाकिटं मास्तरांच्या बायकोने आपल्या हातांनी तोललेली होती.

“ही कुणी भरली?”

“मी,” बायको म्हणाली.

“प्रत्येकात सात ग्रॅम कमी आहे.”

“नाही हो. मी काटा बघूनच भरते. एक एक दाणा बघते.” तिचे हात साखरेने पांढरे झाले होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यातल्या दोऱ्याने बांधून घेणाऱ्या आजींनी हातातलं पाकीट हळूच परत टेबलावर ठेवलं. त्या क्षणी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीवालीने दुकानाच्या काट्यावर आपलं वजन ठेवलं. एक हजार सात. तिने काटा कलता केला, तार बघितली आणि म्हणाली, “शिक्का तुटलाय.”

दुकानवालीने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिने मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं, कारण किल्ली दोघींकडेच होती. बायकोने गळ्यातली साखळी चाचपली, जिन्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ती जिन्यापाशी गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आवाजात ओरडली, “अहो! खाली या!”

मास्तर आले. आले ते कसे, तर वरातीला निघाल्यासारखे, काखेत फलाटीनचं गाठोडं. घोळ काय झाला आहे हे ऐकून त्यांना आनंदच झाला. दुकानदार मूर्ख, हे त्यांनी सिद्ध केलंच होतं; आता या शहराची सरकारी वजनंसुद्धा खोटी निघाली!

“शिक्का मी तोडला,” ते ताठ मानेने म्हणाले. “आणि काटा मी लावलाय. तो बरोबर आहे. तुमची वजनं तपासून आणा जा. हे बघा, याला म्हणतात किलो.” आणि त्यांनी फलाटीन उलगडून पितळी वजन टेबलावर ठेवलं. ट्यूबलाइटच्या उजेडात ते लखलखलं. गिऱ्हाइकंसुद्धा पुढे सरकली.

तपासणीवालीने हातमोजा घातला, वजन मुठीने उचललं आणि आपल्या काट्यावर ठेवलं. नऊशे त्र्याण्णव. तिने पेटीतलं आपलं वजन ठेवलं. एक हजार. मग पुन्हा पितळी. नऊशे त्र्याण्णव. तिने ते खिडकीपाशी नेऊन उस्तादाच्या वेळचा छाप शोधला. छापाच्या जागी आता गुळगुळीत पितळ होतं.

“छान ठेवलंय,” ती म्हणाली. “कशाने घासता?”

“लिंबू आणि राख. दर रविवारी.”

“किती वर्षं?”

“चौतीस. एक रविवार चुकला नाही,” मास्तर अभिमानाने म्हणाले.

“काका, राखेने पितळ झिजतं. चौतीस वर्षं थोडं थोडं करून सात ग्रॅम तुम्हीच घासून काढलेत.”

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांना ऐकू आलं नाही. तपासणीवाली कागद भरायला लागली आणि मान वर न करता तिने विचारलं, “या वजनाने आणखी किती काटे लावलेत?”

या प्रश्नाचं उत्तर मास्तर आयुष्यभर मिशीवर हात फिरवत देत आले होते. आताही ते सवयीने तोंडातून निघून गेलं. “दीडशेच्या वर.”

मग ते स्वतःच्याच कानांनी ऐकल्यासारखे थांबले. हाताची बरकत. पाच किलोची पिशवी. बाहेरच्यांना धड तोलताही येत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला माणूस पाच तास प्रवास करून आला होता, आणि मुसळ मांडीवर घेऊन आला होता.

“त्या सगळ्या दुकानांची यादी लागेल मला,” तपासणीवाली म्हणाली. “राज्याची कचेरी इथेच आहे. इथे आणून दिलीत तरी चालेल.” दुकानाचा काटा तिने जप्त करून नेला आणि दुकानात नोटीस लावून गेली.

दुकानवालीने शटर अर्ध्यावर ओढलं. “काका, यापुढे तुम्ही वरच थांबा,” ती म्हणाली. मग मास्तरांच्या बायकोकडे वळली. “आणि तू उद्या आठला ये. दुसरा काटा मी आजच आणते. सगळी पाकिटं फोडून परत भरायचीत. त्या आजींच्या घरी एक किलो साखर मी आज देऊन येते.” बायकोने मान हलवली. गळ्यातली किल्ली काढून तिने पुढे केली, तर दुकानवालीने ती घेतली नाही, फक्त नवऱ्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस म्हणाली.

जिना चढताना बायको एकच वाक्य बोलली. “माझे हात खोटे ठरवलेत तुम्ही चारचौघांत.” मास्तरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. अजून साखर होती त्यांच्यावर. त्यांना फार लाज वाटली. इतकी लाज त्यांना याआधी कधी वाटली नव्हती, कारण तशी संधीच त्यांनी कुणाला दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या बसने ते एकटे परत गेले. आपल्या शहरात उतरले, दुकान उघडलं, दार अडवणारं वजन पायाने सरकवलं आणि टेबलाखालून लोखंडी किलो ओढून काढला. पुसला. स्वतःच्या टेबलावरच्या काट्यावर ठेवला. एक हजार सात.

लोखंडी संच पिशवीत घालून ते बाजारात निघाले. त्यांना वाटलं होतं, लोक हादरतील. आपलं शहर इमानी आहे, चूक कळली की हात जोडून दुरुस्त करून घेईल. पहिलं दुकान धान्यवाल्याचं, तीस वर्षांचा दोस्त. मास्तरांनी सगळं सांगितलं. धान्यवाला ऐकता ऐकता हसायला लागला.

“मास्तर, आज कळतंय होय तुम्हाला?” तो म्हणाला. “पाच किलोची सीलबंद पिशवी आम्ही रोज काट्यावर टाकतो. आम्हाला का कळत नाही?”

“मग बोलला नाहीत कधी?”

“बोलायचं काय? आम्हाला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता. सगळा बाजार तुम्हाला उगाच मानतो का? दुसरा काटेवाला इथे टिकू दिला नाही आम्ही, तो कशासाठी?” आणि मास्तरांच्या पिशवीवर थाप मारून तो म्हणाला, “ते लोखंड घरी ठेवा. चहा सांगू?”

मास्तर पुढे गेले. साखरवाला म्हणाला, सणावारी बघू. मसालेवाला म्हणाला, सात ग्रॅमने कुणी मरतं का. तेलवाल्याने त्यांना बघून दिवसाढवळ्या शटर ओढलं. मास्तर तपासणीच्या साहेबांकडे गेले, तर साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. “शिक्के माझे आहेत,” साहेब म्हणाले. “आता फिरवले तर मी इतकी वर्षं काय बघत होतो, असं विचारतील. माझी दोन वर्षं राहिलीत हो. तुम्हाला काय सुचलं हे?” आणि त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. मास्तर मागच्या दाराने पुष्कळदा आत गेले होते, बाहेर पडायची ही पहिलीच वेळ.

तीन दिवसांत एकोणसाठ दुकानं झाली. काटा दुरुस्त करून घेतला तो एकटीने, भाजक्या शेंगांच्या गाडीवाल्या म्हातारीने. काटा लावून झाल्यावर तिने विचारलं, “म्हणजे आजवर मी लोकांना कमी दिलं?”

“दिलंत.”

“मेल्या, मला पापात घातलंस की रे!” म्हातारी म्हणाली, आणि तिने त्यांना खूप शिव्या दिल्या. मास्तरांनी त्या उभ्याने ऐकून घेतल्या. त्या शहरात त्यांच्याशी तीन दिवसांत खरं बोललेली ती एकच.

चौथ्या दिवशी सकाळी ते दुकानात बसले आणि आठवून आठवून यादी लिहिली. दीडशे नव्हे, एकशे बासष्ट निघाली. धान्यवाल्याचं नाव लिहिताना पेन क्षणभर अडखळलं, पण लिहिलं. पहिलं नाव त्यांनी आपल्याच दुकानाचं घातलं होतं. परवान्याची चौकट भिंतीवरून उतरवली, यादीबरोबर पिशवीत ठेवली, कुलूप लावलं. बस स्टँडवर गाडी लागलेली होती. मनोऱ्यावर पावणेचार वाजले होते, म्हणजे साधारण अकराचा सुमार असावा. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता, मागे पाकिटांची सळसळ ऐकू येत होती.

“महिना झाला,” ती म्हणाली. “काय ठरलं?”

“इथलं माप खोटं आहे.”

“कुणी केलं?”

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कंडक्टर शिट्टी वाजवत होता.

“मी,” ते म्हणाले.

“मग या,” ती म्हणाली. “शब्द तुमचाच होता. आणि आल्यावर आधी खाली दुकानात यायचं, आणि त्या आजी असतील तर त्यांच्यासमोर सांगायचं, माझे हात खरे होते म्हणून.”

“सांगतो.”

“आणि कशालाही नावं ठेवायची नाहीत.”

“नाही ठेवत,” मास्तर म्हणाले आणि पायरीवर चढले. “पण पाण्याला चव नाही, ती नाहीच.”